उन्हाळा कुणाचा

कूलरच्या जाळीत वाळ्याची नवी खस भरली आणि तिच्यावर पहिलं पाणी पडलं की घरभर एक वास सुटतो. मातीचा नव्हे, त्याहून कडवट, मुळांचा. ही खस मी दर वर्षी इथं उज्जैनच्या देवास गेटजवळून आणते आणि दर वर्षी तिथं घासाघीस करते. दुकानदार मला लांबून पाहूनच हात जोडतो. "मौसी, जो देना हो दे दो, सुबह-सुबह बहस मत करो." यंदाही त्यानं हात जोडले आणि यंदाही मी बहस केली. भाव पाडून, खस रिक्षात घालून, विजयी मुद्रेनं घरी आले. कूलर सुरू केला, पहिला गार झोत तोंडावर आला, आणि मी खोलीच्या मधोमध फरशीवर तशीच बसून राहिले. याच फरशीवर, याच झोतात, एका उन्हाळ्यात आम्ही चौघं दुपारभर खेळत बसायचो.

चौघं म्हणजे मी, माझी सून मृणाल आणि तिची दोन मुलं. जुई आठ वर्षांची, ओम पाचाचा. मुलांचा बाप, माझा समीर, त्या चौघांत नव्हता. तो हैदराबादला होता आणि त्याचं मन दुसऱ्या एका बाईत गुंतलं होतं. हे मला त्यानं सांगितलं नाही. मृणालनं सांगितलं, सामान दारात ठेवून, उभ्या उभ्या, पाणी पिण्याच्याही आधी. "आई, शाळा सुरू होईपर्यंत इथं राहू का? भावाकडे दोनच खोल्या आहेत."

मी म्हटलं, "हे घर कुणाचं आहे असं वाटतं तुला?"

मला वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. जुईच्या काखेत एक मोठा चपटा खोका होता, तो तिनं काढून घेतला. "आधी हा कुठं ठेवू ते सांगा. यातलं काही हरवलं तर ही दोघं मला जगू देणार नाहीत."

त्या खोक्यात पुराचा खेळ होता. जाड पुठ्ठ्यावर नदीकाठचं एक गाव छापलेलं. घरं, शाळा, गोठा आणि वरच्या कोपऱ्यात टेकडी. लाकडाची छोटी माणसं, लाकडाच्या गाई. पाळी आली की फासा टाकायचा, हातातल्या पत्त्यांवरची नाव किंवा दोर वापरायचा आणि गावातल्या कुणाला तरी टेकडीकडे सरकवायचं. पाळी संपताना ढिगातला एक पत्ता उलटायचा. त्यावर ढग निघाला की नदी एक घर वर चढते. सगळं गाव टेकडीवर पोचलं तर सगळे जिंकले. एक गाय जरी खाली राहिली तरी सगळे हरले. एकटा कुणी जिंकला, असं या खेळात होतच नाही.

मी व्यापारी बाई आहे. आमच्या घरात आधी कुणी व्यापार केला नाही. वडील शाळामास्तर, नवरा बँकेत. तो गेला तेव्हा समीर शाळेत जायला लागला नव्हता. भैरवगढच्या छपाईच्या चादरी खांद्यावर टाकून मी फ्रीगंजमधल्या बंगल्यांच्या बेल वाजवत हिंडले. कुत्री अंगावर आली, बायका दारातूनच परत पाठवायच्या, आणि मी तिथंच उभी राहून दुसरी चादर उलगडायचे. दुकान त्यातून उभं राहिलं. त्यामुळे समोर बसलेल्या माणसाकडून काही मिळवायचं नाही, हा खेळ माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. पहिल्या दिवशी मी पत्ते छातीशी धरून बसले.

"आजी, पत्ते उघडे ठेवायचे," जुई म्हणाली.

"का? तू बघशील."

"बघायचेच असतात. तुझ्याकडे नाव आहे का?"

"आहे. काय देतेस?"

"काय म्हणजे?"

"तुझ्याकडे दोर आहेत ना? एक इकडे कर, मग नावेचं बघू."

जुईनं आईकडे पाहिलं. "मम्मा, आजीनं दुकान लावलंय." मग मला समजावणीच्या सुरात म्हणाली, "आजी, आपण सगळे एकाच बाजूचे आहोत."

"मग समोर कोण आहे?"

"पाणी," ओम म्हणाला.

"आणि पाण्याशी भाव कसा करायचा?"

"नाही करायचा," ओमनं गाल फुगवून सांगितलं. "पाणी ऐकत नाही."

त्या दिवशी आमचं गाव बुडालं. मी त्या पुठ्ठ्यावर इतकी चिडले की कुणीतरी ढिगात ढग जास्त घातलेत, कंपनीला फोन लावा, इथपर्यंत गेले. मृणाल हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

मग तो रोजचाच उद्योग झाला. सकाळी पोहे-जलेबी, मग मी दुकानात, आणि दुपारी लूचे गरम वारे सुटले की दुकान अर्धं लोटून घरी. खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या. कूलरच्या वाऱ्यानं पत्ते उडायचे म्हणून त्यांच्यावर खरबुजाच्या बियांनी भरलेली वाटी. त्या बिया ओम वाळवून, सोलून, एकेक करून सगळ्यांना वाटायचा, आजीला जास्त. वीज गेली की कूलर धापा टाकत थांबायचा आणि एकदम रस्त्यावरची शांतता घरात यायची. जुई पुठ्ठ्याचं झाकण घेऊन सगळ्यांना वारा घालायची आणि वारा घालता घालता म्हणायची, "घाई करू नका, आधी शाळा रिकामी करू." तिच्यात मला मी दिसायचे. तिच्याइतकी मऊ मी कधी नव्हते, पण डोकं तेच.

एका संध्याकाळी मी त्यांना रामघाटावर नेलं. पावसात पाणी इथपर्यंत चढतं, असं एका नावाड्यानं देवळाच्या भिंतीवर हात ठेवून दाखवलं. ओमनं त्या भिंतीकडे पाहिलं, मग पायरीवर छत्रीखाली बसलेल्या पंडितजींकडे. जवळ जाऊन विचारलं, "आपकी छत्री डूब जाती है?"

"छत्री को हम पहले उठाते हैं बेटा," पंडितजी म्हणाले, "खुद को बाद में."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या खेळातली नदी क्षिप्रा झाली, टेकडी म्हणजे देवास गेट झालं, आणि बाटलीचं एक पत्र्याचं झाकण गावात राहायला आलं. ते छत्रीवाले पंडितजी. त्यांनाही वाचवायचं. खेळ अवघड झाला, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

आता सांगायला हरकत नाही, त्या साऱ्या दिवसांत मी स्वस्थ बसले नव्हते. मला ही तिघं उज्जैनमध्ये हवी होती. मृणालला पुण्याला नोकरी मिळत होती आणि जूनच्या आधी तिला हो किंवा नाही कळवायचं होतं. मी धंद्यातल्या रीतीनं निघाले. आधी माल उलगडून दाखवायचा, किंमत शेवटी. चांगल्या शाळेत दोघांसाठी शब्द टाकून ठेवला. वरची खोली रंगवून घेतली. मृणालला म्हटलं, दुकान तुझं, मी कधीची थकलेय. हे खोटं होतं, मी थकले नव्हते, पण ती राहिली असती तर खुशीनं थकले असते. जुईला शाळेचं मैदान दाखवून आणलं. ती म्हणाली, "इथं झाडं मोठी आहेत." माझ्या मनानं तो सौदा तिथंच पक्का केला.

मुलं सकाळी कधी कधी दुकानात यायची. एकदा दुकान उघडल्या उघडल्या एक बाई आल्या. चादर उलटी केली, सुलटी केली, नाक मुरडलं आणि असा भाव सांगितला की एरवी मी त्यांना पायरीवरून खाली उतरवलं असतं. मी मुकाट्यानं चादर बांधून दिली. जुई माझ्याकडे बघत राहिली.

"आजी, तू ओरडली नाहीस?"

"बोहनी होती. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. त्याला नाही म्हणायचं नसतं. ते रिकाम्या हातानं गेलं तर दिवस बिघडतो."

"कधीच नाही म्हणायचं नाही?"

"कधीच नाही."

ओम तेव्हा गठ्ठ्यांच्या मागं लपला होता. तो ऐकतोय हे मला कळलं नाही. दुपारी पुठ्ठा मांडला, पहिली पाळी त्याची आली, तर फासा मुठीत धरून म्हणाला, "बोहनी. आज सगळ्यांनी कुल्फी खायची. नाही म्हणायचं नसतं." आम्ही कुल्फी खाल्ली. त्या दिवशी आम्ही जिंकलोही, त्यामुळे नियम कायमचा झाला. ज्याची पहिली पाळी, त्यानं एक गोष्ट मागायची आणि ती सगळ्यांनी द्यायची. जुईनं एकदा मागितलं, मम्मानं आज फोन हातात घ्यायचा नाही. मृणालनं फोन माझ्या लोखंडी कपाटात ठेवून किल्ली जुईला दिली. ओमनं मागितलं, उद्या आजीनं दिवसभर ओरडायचं नाही. नेमका दुसऱ्या दिवशी भैरवगढहून चादरींचा गठ्ठा आला तो चुकीच्या रंगाचा. मी छपाईवाल्याला फोन करून हळू आवाजात म्हटलं, "भैया, ये रंग अपना नहीं है, बदल दोगे क्या?" तो घाबरून म्हणाला, "मौसी, तबीयत तो ठीक है ना?" मृणाल ओट्याला धरून हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती आणि ते पाणी नुसत्या हसण्याचं नव्हतं, हे मला दिसत होतं.

त्याच आठवड्यात समीरचा फोन आला. मी दुकानात होते, समोर गिऱ्हाईक होतं. त्याला थांबवून मी मागच्या गल्लीत गेले.

"आई, सही केली मी."

"कशावर?"

"वेगळं होण्याच्या कागदांवर. मुलं मृणालकडे राहतील."

"आणि दिवाळी? उन्हाळ्याची सुट्टी? ती कुणाची?"

"ते काही लिहिलं नाही. ती पाठवेल ना कधी कधी."

"तू मागितलीस का?"

"मला भांडण नको होतं, आई."

भांडण नको होतं. हे वाक्य मी आजवर कितीदा तोंडात घोळवलं असेल, त्याची चव कडूच राहिली. माणसं कोथिंबिरीच्या जुडीवर मिरच्या मागून घेतात. पंक्चर काढणाऱ्याशी वाद घालतात. याच्यापुढे कुणीतरी कागद ठेवला आणि यानं दोन मुलं देऊन टाकली, समोरच्यानं जे मागितलं त्यावर. वर उन्हाळाही मागितला नाही. मृणाल काही वाईट बाई नाही, मागितला असता तर तिनं दिला असता. अर्धी सुट्टी दिली असती. त्या कागदावर एक ओळ असती, की मे महिना बापाच्या घरी, तर त्या ओळीला धरून मी दर वर्षी माझी नातवंडं या फरशीवर बसवली असती. आजीचं नाव तर कुठल्याच कागदावर नसतं. आजी जे मिळवते ते बापाच्या वाट्यातून. आणि बापानंच वाटा सोडला. ज्या मुलासाठी मी परक्या फाटकांतून कुत्र्यांशी बोलत आत गेले, तो तोंड उघडायच्या वेळी गप्प बसला. हा राग माझा जायचा नाही. जावा असं वाटतही नाही.

पण तेव्हा मला अजून आशा होती. त्यानं घालवलं ते मी परत मिळवीन, असा माझा हिशेब होता. मृणाल डळमळत होती, मला कळत होतं. गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडून पुन्हा वळून बघतं, तशी ती त्या रंगवलेल्या खोलीकडे बघायची. पुण्याला कळवायचा दिवस जवळ आला. त्या दुपारी पुठ्ठा मांडला आणि पहिली पाळी मृणालची आली.

तिनं फासा टाकला नाही. गुडघ्यापाशी ठेवला. "बोहनी," ती म्हणाली. मुलं खूश झाली, मम्मा कधी काही मागत नसे. मृणाल माझ्याकडे बघत होती. सरळ, न लाजता, मनाशी भाव ठरवून आलेल्या बाईसारखी.

"आई, आम्ही पुण्याला जातो. तुम्ही आम्हाला हसून पाठवा."

माझ्या तोंडात निदान दहा उत्तरं होती. शाळा, खोली, दुकान, मोठी झाडं. त्यांतलं एकही बाहेर येण्याआधी ओम माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाला, "आजी, नाही म्हणायचं नसतं."

मी म्हटलं, "टाक फासा."

त्या दिवशी ढग निघालेच नाहीत. शाळा रिकामी झाली, गोठा रिकामा झाला, पंडितजी छत्रीसकट देवास गेटवर पोचले. मुलं खोलीभर नाचली. मीही टाळ्या वाजवल्या. हसून पाठवायचं कबूल केलं होतं.

संध्याकाळी मृणाल कणीक मळत होती. मी तिला म्हटलं, "मुलांसमोर मागितलंस."

"मुलांमागं मागितलं असतं तर दिलं असतंत?"

"नाही."

"म्हणून." तिनं परात पुढे सरकवली. "आई, इथं राहिले तर रस्त्यावरचं प्रत्येक माणूस मला समीरनं सोडलेली म्हणून ओळखेल. तुम्ही चांगल्या आहात म्हणून तर आणखीच. तिथं मला कुणी ओळखत नाही. मला तेच पाहिजे."

उभ्या आयुष्यात माझ्याशी इतका चोख सौदा कुणी केला नाही. माझीच रीत, माझ्याच दुकानातून उचललेली, माझ्याच नातवाच्या तोंडून. तिच्यावर रागवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. जमला असता तर बरं झालं असतं, राग एकट्या समीरवर किती टाकणार.

स्टेशनवर मी हसले. गाडी हलेपर्यंत हसले. खोका मृणालनंच मागं ठेवला. "इथंच असू दे, उन्हाळ्यात आलो की लागेल." ती खरंच म्हणाली होती, मला फसवायला नव्हे. पण पहिल्या उन्हाळ्यात तिला रजा मिळाली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात ओमचा पोहण्याचा वर्ग होता. मग जुईची कसलीशी शिबिरं सुरू झाली. मधे एकदा इंदूरला लग्न होतं, तेव्हा दोन दिवस येऊन गेली, पण ते थंडीचे दिवस. कूलर माळ्यावर होता, मुलं पाहुण्यांसारखी सतरंजीच्या कडेला बसली, आणि लग्नघराच्या गडबडीत खोका काढायचं राहून गेलं.

फोनवर दिसतात. जुईचा आवाज बदललाय, आता ती "आजी, तू काळजी घे" असं मोठ्या माणसासारखं म्हणते. परवा खस भरून झाल्यावर मी फोन लावला. ओम समोर आला. त्याला म्हटलं, "आज कूलर सुरू केला. पुराचा खेळ कपाटावरून काढून ठेवू का?"

"कुठला पूर, आजी?"

"आपला खेळ. छत्रीवाले पंडितजी. तू झाकण ठेवलं होतंस."

तो हसला. माझं मन राखायला हसला, लोक ओळखीच्या नसलेल्या म्हातारीकडे बघून हसतात तसा. मागून जुईचा आवाज आला, "आजी, त्याला नाही आठवणार, तो खूप लहान होता." लहान होता, खरंय. पाचव्या वर्षीचं कुणाला आठवतं. मी म्हटलं, "बरं, अभ्यास कर," आणि फोन ठेवला. म्हणजे तो ज्या उन्हाळ्यात मला वीज गेल्यावर बिया सोलून द्यायचा, तो उन्हाळा आता माझ्या एकटीकडे आहे. त्यात वाटेकरी कुणी उरला नाही.

आणि नेमका या महिन्यात समीर आला. एकटाच. ती दुसरी गोष्टही फार टिकली नाही, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. मी विचारलं नाही. केस विरळ झालेत. दुपारी कूलरसमोर फरशीवर आडवा झाला, नेमका तिथंच. मग पाणी प्यायला उठला तेव्हा कपाटाच्या वर त्याला खोका दिसला. त्यानं तो काढला, धूळ फुंकली, झाकणावरचं वाचलं.

"दोघांनाही खेळता येतो म्हणे," तो म्हणाला. "मांडू?"

मी नाही म्हटलं नाही. त्यानं पुठ्ठा उलगडला. त्याला काहीच माहीत नव्हतं, एकेक सांगावं लागलं. सांगितलं की ऐकतो, मुकाट खेळतो, जो पत्ता येईल तो घेतो. आम्ही मायलेकांसारखे कधी बसलोच नव्हतो. तो लहान असताना मी दारोदार होते. ढग निघत गेले. पाणी शाळेपर्यंत आलं. तो हातातली गाय फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, ओम कसा खेळायचा गं?"

माझ्या ओठांवर सगळं आलं. की पत्ता उलटायच्या आधी तो फुंकर मारायचा. की ढग निघाला तर दोन्ही हातांनी नदी झाकून धरायचा, म्हणजे तिला वर यायला वाट मिळू नये. की आपली गाय टेकडीवर पोचली तरी तिला खाली आणायचा, मागं राहिलेल्या गाईला सोबत म्हणून, आणि जुई त्याच्यावर ओरडायची. की हरल्यावर रडायचा नाही, उठून प्रत्येकाच्या पाठीवर हात फिरवून यायचा. सगळं माझ्याकडे होतं, कालच्यासारखं.

मी म्हटलं, "आता नाही आठवत."

"बरं," समीर म्हणाला, आणि त्यानं फासा टाकला.

एकदा, फक्त एकदा आणखी विचारलं असतं त्यानं, तर मी सगळं देऊन टाकलं असतं.